आधी इंधन, मग गाडी

श्रोतेहो, बोलायला सुरुवात करण्यापूर्वी एक वस्तू आपल्यापुढे धरतो आणि मग ती पहिल्या रांगेत देतो, म्हणजे ती हातोहात शेवटपर्यंत जाईल. लांबून ती विटेच्या तुकड्यासारखी दिसते. डोळ्याजवळ धरून उजेडाकडे पाहिलेत, तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी आरपार भोके दिसतील. एका चौरस इंचात ती साधारण चारशे असतात. जुन्या मोटारीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून, म्हणजे धुराच्या नळीत बसवलेल्या उत्प्रेरकाच्या डब्यातून, कापून काढलेला हा तुकडा आहे. या भोकांच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिनाचा खरखरीत थर असतो आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचे अतिशय बारीक कण रुतवलेले असतात. इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या भिंतींना घासत जातात आणि बाहेर पडताना त्यांतला बराचसा भाग कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन झालेला असतो. हे सगळे नळीतून वायू पार होण्याच्या क्षणभरात घडते.

पण या पोळ्याला दोन विषे बाधतात, आणि ती दोन्ही टाकीतल्या इंधनातून येतात. एक शिसे, दुसरे गंधक. आज मला जे सांगायचे आहे, त्याचे मूळ इथे आहे. वाहनांच्या धुराचे नियम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गाडी येते, तिचा सायलेन्सर येतो, पीयूसीचे प्रमाणपत्र येते. पंपावरच्या नळीतून काय पडते, ते मात्र आपण गृहीत धरतो. जगाचा गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव असा, की ज्या देशाने इंधन आधी सुधारले, तिथे गाडीचा नियम टिकला, आणि ज्याने ते मागे ठेवले, तिथे उत्तम गाडीसुद्धा काही महिन्यांत मामुली होऊन बसली.

शिशाची गोष्ट आधी सांगतो, कारण ती पूर्ण झालेली आहे. १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात काम करणाऱ्या थॉमस मिजली यांना असे आढळले, की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग थोडेसे मिसळले, तर इंजिनातली ठोक, ज्याला आपले मेकॅनिक ‘नॉकिंग’ म्हणतात, ती थांबते. शिसे विषारी आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे रसायन तयार करणारे पाच कामगार विषबाधेने दगावले होते. तरीही पुढची पाच दशके जगभरच्या शहरांतली मुले ते श्वासातून घेत राहिली.

ते थांबायला सुरुवात कशी झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानुसार अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक मोटारींना उत्प्रेरकाचा डबा बसणार होता, आणि शिशाचे पेट्रोल भरले की त्या डब्यातल्या धातूंवर शिशाची पुटे चढून तो कायमचा निकामी होणार होता. म्हणून १९७४ च्या जुलैपासून पंपांवर बिनशिशाचे पेट्रोल ठेवणे सक्तीचे झाले. नव्या गाड्यांच्या टाकीचे तोंड मुद्दाम अरुंद केले गेले, जेणेकरून शिशाच्या पेट्रोलची जाड नळी आत शिरूच नये. शिशाचे प्रमाण आरोग्यासाठी टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा नियमही त्याच काळात आला. पण पहिला दरवाजा उघडला तो यंत्राच्या गरजेने. त्या अरुंद तोंडाचे मला फार महत्त्व वाटते. नियम करणाऱ्यांनी वाहनचालकाच्या सदिच्छेवर विसंबून न राहता त्याच्या हातून चूक होणारच नाही, अशी सोय केली होती.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा आला आणि त्याबरोबर बिनशिशाचे पेट्रोलही आले. त्यामागे सर्वोच्च न्यायालयात पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ पासून लढवलेली याचिका होती. १ फेब्रुवारी २००० पासून देशभरातले शिशाचे पेट्रोल बंद झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तिथे २०२१ च्या जुलैमध्ये विक्री थांबली आणि ऑगस्टच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने तसे जाहीर केले. एका चुकीच्या शोधाची जवळजवळ शंभर वर्षे तिथे संपली.

गंधकाचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे, कारण शिसे आपण वरून घालत होतो, तर गंधक जमिनीतून येणाऱ्या कच्च्या तेलातच असते. न घालणे सोपे, काढणे महाग. प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एका ट्रकची टाकी घेऊ. तीनशे लिटर डिझेलचे वजन साधारण अडीचशे किलो भरते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या मानकात डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार भाग, गंधक चालत असे. म्हणजे त्या टाकीत अडीच किलो गंधक. आज मर्यादा दहा लाखांत दहा भाग आहे. त्याच टाकीत आता अडीच ग्रॅम गंधक, चमच्यात मावेल इतके. अडीच किलोंपासून अडीच ग्रॅमपर्यंतचा हा प्रवास आपण सुमारे पंचवीस वर्षांत केला.

हे गंधक काढतात कसे? रिफायनरीत डिझेल तीनशे-साडेतीनशे अंश सेल्सिअसला तापवून, मोठ्या दाबाखाली हायड्रोजनबरोबर, कोबाल्ट आणि मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावरून नेतात. गंधक हायड्रोजनशी जोडले जाऊन हायड्रोजन सल्फाइड होते आणि पुढे त्यातून पिवळे गंधक वेगळे काढतात. पहिले नव्वद टक्के गंधक सहज निघते. शेवटच्या काही भागांसाठी जास्त दाब, जास्त हायड्रोजन आणि मोठी भांडी लागतात, कारण तिथे गंधकाचा अणू अशा वलयांच्या कुशीत दडलेला असतो, की उत्प्रेरकाला तिथवर पोहोचणेच अवघड जाते. पैसा ओतावा लागतो तो या शेवटच्या टप्प्यावर, आणि जगभरच्या तेल कंपन्यांनी मुदतवाढ मागितली ती याच टप्प्यावर.

मग इतका खर्च कशासाठी? कारण गंधकाचा दोष फक्त धुरातल्या सल्फर डायऑक्साइडपुरता नसतो. डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत उत्प्रेरक जितका प्रभावी, तितका तो गंधकाचे सल्फेट जास्त बनवतो आणि ते सल्फेट सूक्ष्म कण होऊन बाहेर पडते. गंधकाच्या डिझेलवर चांगला डबा बसवला, तर कणांचे प्रमाण उलट वाढू शकते. काजळी अडवणारी जाळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मोडणारे युरियाचे यंत्र नीट चालायचे, तर डिझेल जवळजवळ गंधकमुक्त असावे लागते. म्हणून युरोपने गाड्यांचे नियम १९९२ पासून ‘युरो’ क्रमांकांनी चढवत नेले आणि त्यांच्या जोडीने डिझेलमधल्या गंधकाची मर्यादाही उतरवली, दहा लाख भागांत: २००० साली ३५०, २००५ साली ५०, २००९ साली १०. अमेरिकेने २००६ मध्ये महामार्गावरच्या डिझेलसाठी १५ ची मर्यादा आणली. चीनने २०१७ मध्ये देशभर १० गाठली.

स्वीडनने हे काम सर्वांच्या आधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच केले, आणि तेही बंदी न घालता. स्वच्छ डिझेलवर कर कमी ठेवला आणि बाजाराने ते स्वतःहून उचलले. पण तिथे एक गोष्ट अनुभवानेच कळली. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधली नैसर्गिक वंगणशक्तीही जाते, आणि डिझेलवरच वंगण होणारे इंजेक्शन पंप झिजू लागले. त्यावर वंगण वाढवणारे पूरक द्रव्य आणि त्याची चाचणी हा उपाय निघाला. इंधनाचे मानक म्हणजे एक आकडा नव्हे, आकड्यांची मोट असते. एक दोर ओढला की दुसरा सैल पडतो.

भारतात २००१ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली वाहन-इंधन धोरणाची समिती नेमली गेली. सरकारने अमुकच इंधन वापरा असे न सांगता उत्सर्जनाची मर्यादा आखून द्यावी, तंत्र कोणते वापरायचे ते बनवणाऱ्याने ठरवावे, ही तिची मूळ भूमिका मला आजही योग्य वाटते. पण या काळातली दोन भूगोलांची व्यवस्था, म्हणजे मोठ्या शहरांना एक इंधन आणि उरलेल्या देशाला दुसरे, ही आपल्याला फार महाग पडली. २०१० मध्ये भारत स्टेज चार, म्हणजे युरोच्या धर्तीवरच्या आपल्या नियमांची चौथी पायरी, लागू झाला तो तेरा शहरांत. त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. पुण्यात ५० चे डिझेल, सोलापुरात ५० चे डिझेल, आणि मधल्या इंदापूर-टेंभुर्णीच्या पंपावर ३५० चे. रात्रभर चालणारा ट्रक कुठे टाकी भरतो, हे या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत आहे. जो ट्रक देशभर फिरणार, त्याला शहरी नियमाचे इंजिन देऊन उपयोग नव्हता, म्हणून जड वाहने मागच्या स्टेजवरच राहिली आणि शहरात शिरताना आपला काळा धूर बरोबर घेऊन आली. हवेला जकात नाका नसतो.

स्टेज चार देशभर व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडला, आणि तेव्हाही सव्वाआठ लाखांच्या आसपास स्टेज तीनच्या गाड्या कंपन्यांकडे न विकलेल्या पडून होत्या. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की लोकांचे आरोग्य व्यापारी नुकसानापेक्षा मोठे आहे आणि एक एप्रिलपासून या गाड्या विकता येणार नाहीत. पुढच्या दोन दिवसांत दुचाकींच्या शोरूमसमोर सवलतीसाठी लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. त्या आधी, २०१६ च्या जानेवारीत, सरकारने स्टेज पाच गाळून थेट सहावर उडी घेण्याचे ठरवले होते. दिल्लीत २०१८ मध्ये आणि देशभर १ एप्रिल २०२० रोजी १० चे इंधन मिळू लागले. डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमऐवजी साडेचार मिलिग्रॅम कण आणि २५० ऐवजी ८० मिलिग्रॅम नायट्रोजनची ऑक्साइडे एवढीच मुभा राहिली. युरोपला जे अंतर कापायला नऊ वर्षे लागली, ते आपण तीन वर्षांत कापले, आणि त्याचे श्रेय इंजिन बनवणाऱ्यांइतकेच रिफायनरीतल्या माणसांना दिले पाहिजे.

मात्र रिफायनरीच्या फाटकाबाहेर पडलेले इंधन गाडीच्या टाकीत जाईपर्यंत तेच राहते का, हा प्रश्न महाराष्ट्रात तरी कोणी सहजपणे विचारू नये. रेशनचे रॉकेल ओळखू यावे म्हणून ते निळे रंगवले जात असे, आणि तरीही ते डिझेलमध्ये मिसळले जात असे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. इंधनाच्या दर्जाचे मानक हा कागदावरचा तांत्रिक विषय आहे असे कोणी म्हणाले, की मला ते आठवतात.

गाडीच्या बाजूनेही फसवणूक झाली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मोजणीचे यंत्र गाडीतच ठेवून डिझेल गाड्या रस्त्यावर चालवल्या. एक तर लॉस एंजेलिसहून सिअ‍ॅटलपर्यंत नेली. प्रयोगशाळेत शहाण्यासारखी वागणारी गाडी रस्त्यावर मर्यादेच्या कितीतरी पट ऑक्साइडे सोडत होती. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण उघड झाले: चाचणी चालू आहे हे ओळखणारी संगणक प्रणाली गाडीत होती, आणि अशा गाड्या जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख होत्या. त्यानंतर युरोपने २०१७ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी सक्तीची केली. आपल्याकडे ती एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाली. पुण्याची मंडळी ज्या टेकडीला एआरएआयची टेकडी म्हणतात, तिथल्या वाहन-संशोधन संस्थेतली बंदिस्त चाचणी पूर्वी पुरेशी मानली जाई. आता गाडीच्या मागे नळ्या आणि पेट्या बांधून तिला चढ, उतार आणि रहदारी यांतून न्यावे लागते.

नियमांची पुढची पायरी धुराच्या नळीपलीकडची आहे. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘युरो ७’ मध्ये ब्रेकमधून उडणाऱ्या धुळीला प्रथमच मर्यादा आली: विजेच्या मोटारीला किलोमीटरमागे ३ मिलिग्रॅम, बहुतेक इतरांना ७. टायरच्या झिजेचाही त्यात विचार आहे. म्हणजे ज्या गाडीला धूरच नाही, तीही आता नियमाबाहेर नाही, आणि ते योग्यच आहे.

तरीही मला अधिक चिंता वाटते ती युरोपच्या पुढच्या पायरीची नव्हे, तर युरोपातून बाहेर जाणाऱ्या मालाची. २०१६ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने दाखवून दिले, की ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम आणि अँटवर्प या बंदरांत खास पश्चिम आफ्रिकेसाठी असे डिझेल मिसळून तयार होते, ज्यातले गंधक युरोपच्या मर्यादेच्या शेकडो पट असते. घेणाऱ्या देशाचा नियम ढिला असल्यामुळे हे कायद्याला धरून होते. घानाने २०१७ मध्ये आपली मर्यादा ३००० वरून ५० वर आणली, आणि नेदरलँड्सने २०२३ पासून आपल्या बंदरांतून असा माल पाठवण्यास आळा घातला. पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी ५० ची मर्यादा २०१५ मध्येच घेतली होती. इंधन असे हळूहळू सुधारत आहे.

पण त्याच बंदरांतून जुन्या गाड्याही जातात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२० च्या अहवालानुसार २०१५ ते २०१८ या काळात जगात सुमारे एक कोटी चाळीस लाख वापरलेल्या हलक्या गाड्या निर्यात झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य विकसनशील देशांत. आफ्रिकेकडे निघालेल्या गाड्या नेदरलँड्सच्या निरीक्षकांनी तपासल्या, तेव्हा काहींच्या धुराच्या नळीतला उत्प्रेरकाचा डबा कापून नेलेला आढळला. त्यातले प्लॅटिनम युरोपातच विकले जाते. मागच्या रांगेत आता जो तुकडा पोहोचला असेल, त्याच्या जागी त्या गाड्यांत काहीच नसते, आणि पंपावर ५० चे डिझेल आले तरी धूर थेट बाहेर जातो.