ऑक्टोबरातली बारा मिनिटं

पत्रिकेत विषय छापलाय ‘खेळाडूचा दमसास कसा मोजावा’. तिकडे येतोच. पण मालवणात कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही, म्हणून आधी माझं गाऱ्हाणं.

मागे एका निवड चाचणीला घाटावरचे एक साहेब आले होते. ऑक्टोबर महिना, सकाळचे अकरा. तुम्हाला सांगायला नको. सावलीत उभं राहिलं तरी सदरा अंगाला चिकटतो. साहेबांनी कूपर चाचणी लावली: बारा मिनिटं पळा, अंतर मोजा. आमची एक पोरगी २२०० मीटर पळाली. अंतरातून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागायचं, उत्तर येतं ३७.९. म्हणजे वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला एवढे मिलिलिटर प्राणवायू तिचं शरीर वापरू शकतं. साहेब म्हणाले, “कमी आहे.” हीच पोरगी पावसाळ्यात भल्या सकाळी २४०० पळालेली, तिथे उत्तर ४२.४. मधल्या काळात एक दिवस सराव चुकवला नव्हता तिने!

मी म्हटलं, साहेब, ही चाचणी केनेथ कूपरनी १९६८ साली मांडली ती अमेरिकेच्या हवाई दलातल्या पुरुषांना पळवून. त्यात चिवल्याच्या किनाऱ्यावरची पोरगी कुठे होती? साहेबांनी शहाळं मागवलं. (इथे हशा अपेक्षित होता. असो, पुढे.)

हवा दमट असली की घाम नुसता गळतो, सुकत नाही. घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. मग रक्त कातडीकडे वळतं, घामावाटे त्यातलं पाणीही घटतं, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं आणि भरपाईला ठोके वाढतात. वेग तोच, मेहनत जास्त. मनगटावरचं घड्याळ वेग आणि ठोके ताडून ‘तुमची तब्येत घसरली’ म्हणतं, आणि पोरं दुसऱ्या दिवशी दुप्पट पळतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, ‘आवरा’. बरं, मुद्दा भराभर सांगतो.

हृदयाचे ठोके मिनिटाला जास्तीत जास्त किती जातील याला ‘दोनशे वीस वजा वय’ धरतात, ते विसरा. २००१ साली तानाका नावाच्या संशोधकांनी २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सुचवलं. चाळिशीत दोन्ही सारखेच, पण विशीतल्या पोराला २०० ऐवजी १९४ येतात. तोही सरासरीचाच आकडा. त्यापेक्षा वही घाला. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजा. नेहमीपेक्षा चढी नाडी दोन-तीन दिवस टिकली तर सराव हलका करा. आणि कार्ल फॉस्टर या क्रीडाशास्त्रज्ञाची पद्धत वापरा: सराव किती जड गेला याला शून्य ते दहात गुण द्या, मिनिटांनी गुणा. जानेवारीतला तासभर ‘चार’ने जातो, २४० होतात. तोच तास, तोच वेग ऑक्टोबरात ‘सहा’ होतो, ३६०. हा दीडपट बोजा किलोमीटरच्या हिशोबात कुठेच दिसत नाही. आठवड्याची बेरीज बघा, ती एकदम उडी मारू देऊ नका.

एक अडचण आहे. आमच्या पोरांना ‘कसा वाटता?’ विचारलं तर मरगळून पडलेला पोरगाही ‘बरां आसा’ म्हणतो. म्हणून सराव संपल्यावर अर्ध्या तासाने, एकेकट्याला बाजूला घेऊन विचारा, आणि आकडाच मागा.

पोहणाऱ्यांचं राहिलंच. पाण्यात ठोके कमी पडतात, त्यांचा पळण्याच्या आकड्यांशी मेळ घालू नका. बाकीचं चहाच्या वेळी विचारा.