ऑपरेटरचा सुपरवायझर होताना

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा औद्योगिक वसाहतींतल्या कुठल्याही लघुउद्योगात विचारा, सुपरवायझर कसा निवडला? उत्तर ठरलेलं: "सगळ्यांत हुशार ऑपरेटर होता." म्हणजे मशीनवरचा चांगला हात आपण काढून घेतला आणि जे काम त्याला कुणी शिकवलंच नाही, त्यावर बसवला. मग तो काय करतो? अडलं की ऑपरेटरला बाजूला सारून स्वतः जॉब, म्हणजे घडवायचा भाग, मशीनवर लावतो. मालक खूश, पण लाईन काही शिकत नाही.

सुपरवायझरचं पहिलं काम शिकवणं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत १९४० ते १९४५ 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम चालला, पुढे जपानने तो उचलला. त्यातला शिकवण्याचा भाग दोन-दोन तासांच्या पाच बैठकांचा, एकूण १० तास. त्याच्या आज रूढ असलेल्या पद्धतीत काम आधी कागदावर तीन रकान्यांत मांडायचं: पायरी, कळीचा मुद्दा, कारण. समजा सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, जॉब लावायचा आहे. पायरी: जॉब स्टॉपरला टेकवा. कळीचा मुद्दा: आधी टेकणारा फेस, म्हणजे जॉबची ती बाजू, ब्रशने साफ करा. कारण: खाली चिप, म्हणजे धातूचा कीस, राहिली तर जॉब तिरका बसतो आणि फेस मापात येत नाही. हे कारण सांगितलं नाही, की घाईच्या वेळी ब्रश सगळ्यात आधी सुटतो.

मग तीनदा करून दाखवा: एकदा नुसत्या पायऱ्या, एकदा मुद्द्यांसह, एकदा कारणांसह. त्यानंतर शिकणाऱ्याला करू द्या, आणि पायऱ्या, मुद्दे, कारणं तोच बोलेल. "समजलं का?" हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर कायम "हो साहेब" असतं.

त्याच कार्यक्रमात माणसं हाताळण्याच्या चार पायऱ्या आहेत: माहिती घ्या, तोलून ठरवा, कृती करा, परिणाम बघा. आपल्याकडे पहिली गाळून थेट तिसरीवर उडी पडते, तीही सगळ्या लाईनसमोर, आवाज चढवून. रात्रपाळीत जॉबचं माप चुकलं म्हणून ऑपरेटरला झापलं. सकाळी कळतं की स्टोअरला कुलूप होतं, नवा इन्सर्ट, म्हणजे कापणाऱ्या हत्याराचं बदलायचं टोक, मिळालाच नाही. आधी रजिस्टर बघा, मग त्या माणसाला बाजूला घेऊन विचारा. आणि हे त्याच शिफ्टमध्ये, आठवड्याने नव्हे.

गैरहजेरीचं तर नवल वाटतं. जूनमध्ये पेरणी, पुढे पोळा, ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनची काढणी. गंगापूर-पैठणकडची पोरं गावी जाणारच. पंचांग सगळ्यांना पाठ आहे, तरी लाईन थांबली की आपण दचकतो! कुणाला कुठलं मशीन येतं याचा एक तक्ता भिंतीवर लावा: उभ्या रकान्यात नावं, आडव्यात मशीन, प्रत्येक घरात चार भागांचा गोल. शिकतोय तर पाव गोल भरा, देखरेखीखाली करतो तर अर्धा, एकटा करतो तर पाऊण, दुसऱ्याला शिकवू शकतो तर पूर्ण. अडणाऱ्या प्रत्येक मशीनवर पाऊण किंवा त्यापुढचे निदान तिघं हवेत. कमी असतील तर मे महिन्यातच शिकवायला घ्या.

एक गोष्ट मालकांसाठी. सुपरवायझरचा इन्सेन्टिव्ह नुसत्या नगांवर ठेवलात तर शिफ्ट संपताना रिजेक्शन, म्हणजे बाद झालेले नग, चांगल्या ट्रेमध्ये सरकतं, आणि शिकवायला तास काढणारा सुपरवायझर तोट्यात जातो. निम्मा भत्ता रिजेक्शनवर आणि तक्त्यातल्या नव्याने भरलेल्या गोलांवर ठेवून बघा. फक्त गोल भरण्याआधी क्वालिटीच्या माणसाने त्या ऑपरेटरचे सलग पाच जॉब मोजलेले असावेत, नाहीतर गोल पेनानेच भरले जातील.