कच्च्या तांदळाचं दूध

रात्रीचे दहा वाजलेत. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरची गर्दी पांगत आलीय आणि इकडं आमच्या घरात आई तांदूळ धुतेय. वाटीभर आजरा घनसाळ. हा शिजायला लागला की शेजाऱ्यांना न सांगता कळतं. आज तो शिजणार नाही. गॅस पेटणारच नाही.

"कच्चाच प्यायचा? पोटात दुखंल की गं!" आई म्हणते. तरीही चार वाट्या पाणी ओतते आणि दालचिनीची कांडी मोडून आत टाकते.

मेक्सिकोत या पेयाला ओर्चाता म्हणतात. तिथल्या बाजारात काचेच्या मोठाल्या बरण्या ओळीनं मांडलेल्या असतात: एकीत चिंचेचं सरबत, एकीत लाल अंबाडीच्या बोंडांचं, आणि एकीत हे पांढरं. हे नाव आलं लॅटिनमधल्या सातूच्या नावावरून. पुढं स्पेनमधल्या वॅलेन्सियात ते चुफा नावाच्या बारक्या कंदांपासून करू लागले, आजही करतात. आपल्या उसाच्या रानात खुरपून खुरपून माणूस थकतो तो लव्हाळा, त्याचाच हा चुफा भाऊबंद. मेक्सिकोत कंदांची जागा तांदळानं घेतली. तांदूळ तिथला नव्हे, दालचिनीही नव्हे. दोन्ही स्पॅनिश लोकांबरोबर समुद्र ओलांडून गेले. 1565 ते 1815, अडीचशे वर्षं मनिला ते अकापुल्को गलबतं चालत होती, आणि आशियातले मसाले त्यांतून जात होते.

दालचिनीपाशी जरा थांबायला हवं. किराणा दुकानात बहुतेकदा मिळते ती जाड, टणक साल, ती कॅसिया. तांबड्या रश्श्याच्या मसाल्याला ती चालते, कारण तिथं तिला मिरची-खोबऱ्याशी टक्कर द्यायची असते. इथं नको. श्रीलंकेची दालचिनी मागून घ्या. पातळ पापुद्र्यांची गुंडाळी असते, बोटांनी चुरते, वास गोडसर. मेक्सिकोतही हीच आवडते.

पातेलं रात्रभर फ्रीजमध्ये. एप्रिलच्या उकाड्यात ते ओट्यावर ठेवलं तर सकाळी आंबलेलं मिळेल.

सकाळ. आई एक दाणा नखात धरून दाबते. तुटला. आता मिक्सर. आधी थोड्याच पाण्यात तांदूळ आणि दालचिनी वाटायची, मग उरलेलं भिजवणीचं पाणी घालून पुन्हा फिरवायचं. झाकण उघडल्यावर जो वास येतो, तो आईच्या ओळखीचा आहे. "आंबोळीचं पीठ वाटल्यावानी," ती म्हणते. तेच. भिजलेल्या कच्च्या तांदळाचा तो कोवळा, दुधाळ वास आपण आयुष्यभर घेतो आणि तव्यावर घालवून टाकतो. ओर्चात्यात तो तसाच प्यायला मिळतो. मला हे पेय आवडतं ते यासाठीच.

धुतलेलं मलमलचं फडकं घेऊन दोनदा गाळायचं. फार पिळायचं नाही. घाई केली की रवाळ कण खाली उतरतात आणि घोट घशात खरखरतो. उरलेला चोथा आईनं कधीच वाटीत काढून ठेवलाय. दुपारी घावनाच्या पिठात जाईल.

गोडीला अर्धी वाटी साखर. आम्ही गूळ घालूनही पाहिला. रंग मातकट होतो आणि दालचिनी कुठल्या कुठं जाते. गुळाच्या गावात राहून सांगते, इथं साखरच घाला. कुणी व्हॅनिला घालतं, कुणी दूध. आम्ही कट्ट्यावरून आणलेलं म्हशीचं दूध तापवून, गार करून, कपभर घातलं. दाटपणा आला. पण दूध न घातलेला पेला मला जास्त भावला, त्यात तांदूळ नीट कळतो.

फ्रीजमध्ये झाकून ठेवा, दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा.

पेल्यात बर्फ पडतो. आई पहिला घोट तोंडात धरून ठेवते, बराच वेळ. मग पेला पुढं करते.

"तळाला बसतंय बघ. ढवळ, आणि आणखी ओत."