नदीतला मासा खावा का?

मासे घेताना आपण कल्ले उघडून बघतो, डोळा चकचकीत आहे ना बघतो, बोटाने दाबून बघतो. त्यावरून मासा कधी मेला ते कळतं. जिवंत असताना तो कुठल्या पाण्यात होता, ते मात्र अजिबात कळत नाही. माशातल्या पाऱ्याला ना वास, ना चव.

बडोद्यापुरतं बोलू. विश्वामित्री नदी पावागडाकडून येते तेव्हा बरी असते. शहरात शिरली की आपलंच सांडपाणी पोटात घेऊन पुढे ढाढर नदीला मिळते. तिच्यात मगरी जगतात म्हणजे पाणी चांगलं, असं म्हणणारे लोक मला भेटलेत. मगर काही प्रयोगशाळेचा दाखला देत नाही! कारखान्यांचं सांडपाणी सुमारे 55 किलोमीटरच्या वेगळ्या कालव्याने मही नदीच्या मुखापाशी सोडतात. शहरापासून ते लांब गेलं, माशांपासून नाही.

आता पारा. गाळातले जीवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. तो शेवाळात, ते खाणाऱ्या बारीक जीवांत, त्यांना खाणाऱ्या माशांत चढत्या भाजणीने साठत जातो. म्हणून रोहू-कटल्यापेक्षा मरळ, मोठा शिंगाळा असे मासेखाऊ मासे जास्त जोखमीचे. मासा जितका थोराड, तितका साठा मोठा, आणि बाजारात आपण नेमका मोठाच मागतो. हा पारा मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. हळद-मीठ चोळा, चिंचेच्या कोळात ठेवा, खरपूस तळा, तो जागचा हलत नाही. जपानमध्ये आगानो नदीचे मासे खाणाऱ्यांना मिथाइल पाऱ्याची बाधा झाल्याचं 1965 मध्ये उघड झालं. त्याआधी जपानच्याच मिनामाता गावात दिसलं होतं की आई वरवर धडधाकट असते आणि पोटातल्या बाळाचा मेंदू बाधित होतो.

थोडं गणित करू. आपल्याकडे बहुतेक माशांसाठी पाऱ्याची मर्यादा किलोला 0.5 मिलिग्रॅम आहे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने 2003 मध्ये मिथाइल पाऱ्याची आठवड्याला चालेल अशी कमाल मात्रा ठरवली, शरीराच्या वजनाच्या दर किलोला 1.6 मायक्रोग्रॅम. 50 किलो वजनाच्या बाईला झाले 80 मायक्रोग्रॅम. मासा मर्यादेला टेकलेला असेल आणि त्यातला सगळा पारा मिथाइल धरला, तर 160 ग्रॅममध्ये आठवड्याचा वाटा संपला. म्हणजे दोन बऱ्यापैकी तुकड्या! लहान, शेवाळ-वनस्पती खाणाऱ्या माशांत पारा सहसा याच्या बराच खाली असतो, तेव्हा घाबरून मासे सोडू नका.

डीडीटी हे कीटकनाशक, पीसीबी ही कारखान्यांतली रसायनं, यांची तऱ्हा वेगळी. ती चरबीत मुरतात, त्यामुळे तिथे सुरीचा उपयोग होतो. कातडी, पोटाकडची चरबी, काळपट मांस काढून टाका. भाजताना चरबी गळून जाते. कालवणात ती रश्श्यातच उतरते आणि आपण भाताबरोबर खातो. पावसाळ्यात भरूचकडून येणारा पाला मासा तर मुळातच तेलकट. त्याची गाबोळी जपून खा असं सांगताना माझाच जीव खालीवर होतो, पण सांगायला हवं. शिसं आणि कॅडमियम यकृत, मूत्रपिंड, हाडं यांत जास्त साठतात, तेव्हा बारके मासेही पोट साफ करूनच शिजवा.

एका काकूंनी विचारलंय, "मग तळ्यात पाळलेले घ्यावेत का?" काकू, तळ्यात पाणी कुठलं आणि खाद्य काय, यावर ते ठरतं. आफ्रिकन मांगूर पाळायला आपल्याकडे 2000 सालापासून बंदी आहे, तरी तो गटाराच्या पाण्यात वाढवून विकतात. सूनबाईंना दिवस गेले असतील तर ओळखीच्या मासेवाल्याकडून एखाद किलोचा रोहू घ्या, आणि माल कुठल्या तळ्यातला ते त्याला आधी विचारा.