डब्यातला सातबारा

नमस्कार मंडळी. आज खरी नक्कल. खरी नक्कल म्हणजे झेरॉक्स नव्हे. पुन्हा सांगतो, झेरॉक्स नव्हे. झेरॉक्सवर साहेबाची सही घेतली तरी ती साक्षांकित प्रत झाली, खरी नक्कल नाही. दप्तर ज्याच्या ताब्यात आहे त्या अधिकाऱ्यानंच फी घेऊन, खाली ‘खरी नक्कल’ लिहून, तारीख, नाव, हुद्दा, सही, शिक्का द्यायचा.

माझी वकिली नवी होती. करवीर तालुक्यातले एक मामा आले, बांधाचा वाद घेऊन. काखेत बिस्किटाचा पत्र्याचा डबा. डब्यात सातबारा, लॅमिनेशन केलेला. या लॅमिनेशनवर माझा जुना राग आहे. आमच्या घरी रेशन कार्ड तर सोडाच, तांबड्या रश्श्याची कृतीसुद्धा प्लास्टिकात बंद आहे! असो.

तो सातबारा झेरॉक्सची झेरॉक्स. कागद मशिनवर तिरका पडलेला, उजवी कड कापलेली. म्हटलं, “मामा, नक्कल काढा.” मामा म्हणाले, “त्यात आणि ह्यात काय फरक असणार हो?”

आठवड्यानं नक्कल आली. खाली निळा गोल शिक्का, आणि उजवीकडं, ‘इतर हक्क’ या रकान्यात, धाकट्या बहिणीचं नाव. मामा चष्मा पुसून पुसून बघतायत. म्हणाले, “वकीलसाहेब, शिक्का मारून बहीणच आणली की हो!”

अशी नक्कल दाखल केली की त्यात लिहिलंय काय, हे सांगायला तलाठ्याला पिंजऱ्यात उभं करावं लागत नाही. तेव्हा 1872 चा पुरावा कायदा होता, कलम 76 आणि 77. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, आता 75 आणि 76. आकडे सरकले, गोष्ट तीच. मात्र सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. नोंद खरी धरतात, पण उलट पुरावा येईपर्यंतच. उलट पुरावा येईपर्यंतच, बरं का.

आता डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो. जुन्या हस्तलिखित उताऱ्याला मात्र बऱ्याचदा तहसीलच्या अभिलेख कक्षाची पायरी चढावी लागते.

हां, मामांचं राहिलंच. बहिणीलाही दाव्यात घेतलं. गडहिंग्लजहून एस्टीनं आल्या. बांधावरची जांभूळ कुठल्या अंगाला होती हे मामांना धड सांगता येईना. बाईंनी सांगितलं. लहानपणी त्याच झाडावरनं पडल्या होत्या.