मंडळीने मिळून देवाकडे परतावे

श्रोतेहो, योएल संदेष्ट्याच्या काळी टोळधाडीने सारा देश उजाड केला होता. अंजिराच्या झाडांच्या साली सोलल्या गेल्या होत्या आणि मंदिरात अर्पण करायला धान्य किंवा द्राक्षारस उरला नव्हता. अशा वेळी प्रत्येकाने आपापल्या घरी बसून प्रार्थना करावी, असे संदेष्ट्याने सांगितले नाही. सीयोनात, म्हणजे यरुशलेमेत, कर्णा वाजवा, उपास नेमा आणि लोकांना एकत्र करा, असे तो म्हणाला. कोणाकोणाला बोलवायचे तेही त्याने सांगून ठेवले: वडीलधाऱ्यांनी यावे, मुलांनी यावे, अंगावर पिणाऱ्या तान्ह्यांनाही आणावे, नवरदेवाने आणि नवरीने आपली खोली सोडून यावे. नुकतेच लग्न झालेल्या पुरुषाला मोशेच्या नियमशास्त्राने वर्षभर युद्धावर जाण्यापासून सूट दिली होती. या बोलावण्यातून मात्र त्याची सुटका नव्हती. 'आपली वस्त्रे नव्हे, तर आपली हृदये फाडा' हे वचन याच प्रसंगातले आहे. आपण ते बहुधा एकट्या माणसाच्या अंतःकरणाशी जोडून वाचतो, पण ते बोलले गेले ते एका अख्ख्या लोकसमूहाला.

येथे एक रास्त शंका उभी राहते आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. तान्ह्या मुलाने कोणते पाप केले होते? जे मी केलेच नाही त्याचा पश्चात्ताप मी कसा करावा? यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात तर देव स्वच्छ सांगतो की पित्याच्या अन्यायाचा भार पुत्रावर टाकला जाणार नाही. हे वचन जितके खरे, तितकेच हेही खरे की दानीएलाने, ज्याच्या आचरणात दोष शोधूनही शत्रूंना तो सापडला नव्हता, उपास करून आम्ही पाप केले आहे अशीच प्रार्थना केली. आपल्या पूर्वजांचा आणि राजांचा उल्लेख करताना त्याने स्वतःला त्यांच्यापासून वेगळे काढले नाही. दुसऱ्याचा अपराध आपल्या नावावर लिहून घेणे हा त्याचा अर्थ नव्हे. ज्या घराचे अन्न आपण खातो, त्या घराच्या देण्यालाही आपण बांधलेले असतो, आणि दानीएलाने हे नाते नाकारले नाही, असे मला वाटते.

शिवाय काही पापे अशी असतात की त्यांचा एकटा कर्ता शोधूनही सापडत नाही. मंडळीतले, म्हणजे आपल्या चर्चमधले, एखादे कुटुंब वर्षानुवर्षे मागच्या बाकावर बसते, निर्णयाच्या वेळी त्यांना कोणी विचारत नाही, त्यांच्या दुःखाच्या घरी कोणी फिरकत नाही. हे कोणी ठरवले, असे विचारले तर कोणीच ठरवलेले नसते. प्रत्येकाने केवळ गप्प राहण्याचा आपला वाटा उचललेला असतो. अशा पापाची कबुली एकट्याने देऊन भागत नाही. ज्यांनी मिळून ते चालू ठेवले, त्यांनी मिळूनच ते देवापुढे ठेवले पाहिजे.

मात्र याच ठिकाणी मोठा धोकाही आहे. 'आम्ही सगळे पापी' असे सर्वांनी एका सुरात म्हटले की कोणालाच काही टोचत नाही. गर्दीत जसे ओळखीच्या माणसाला चुकवता येते, तसे या कबुलीत स्वतःलाच चुकवता येते. या धोक्यावरचा उपाय मला पर्शियाच्या राजाने यहूदियाचा अधिपती नेमलेल्या नहेम्याच्या पुस्तकात दिसतो.

इ.स.पूर्व 445 च्या सुमारास यरुशलेमेची भिंत उभारण्याचे काम चालू होते. काम पवित्र, हेतू उत्तम, आणि नेमक्या त्याच वेळी गोरगरिबांची ओरड नहेम्याच्या कानावर आली. दुष्काळात धान्य मिळवण्यासाठी कोणी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली होती, राजाचा कर भरण्यासाठी कोणी कर्ज काढले होते, आणि ते न फिटल्यामुळे मुलामुलींना गुलामीत द्यावे लागत होते. सावकार परके नव्हते. ते त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्याने सरदारांची आणि अधिकाऱ्यांची सभा बोलावली, त्यांना उघडपणे दोष दिला, आणि त्याच बोलण्यात सांगितले की मी, माझे भाऊ आणि माझे सेवकही या लोकांना पैसा व धान्य कर्जाऊ देत आहोत. आता हे व्याज घेणे आपण सोडून देऊ. शेते, मळे, घरे आणि वसूल केलेला शेकडा एक हिस्सा आजच्या आज परत करा, असे त्याने सांगितले. सावकारांनी होकार दिला, तरी तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याने याजकांना बोलावून त्यांच्यासमोर शपथ घ्यायला लावली आणि आपल्या वस्त्राचा ओचा झटकून दाखवला: जो हे वचन पाळणार नाही त्याला देव असाच झटकून टाको.

त्यानंतर चार अध्यायांनी, सातव्या महिन्याच्या चोविसाव्या दिवशी, गोणपाट नेसून आणि डोक्यात धूळ घालून लोक जमल्याचे वर्णन येते. दिवसाचा एक चतुर्थांश वेळ नियमशास्त्राचे वाचन झाले आणि आणखी एक चतुर्थांश वेळ पापांची कबुली व उपासना. पुस्तकाच्या क्रमात आधी शेते परत गेली आणि मग ही मोठी सभा भरली, याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. आपल्याकडे अनेकदा सभा भरते, अश्रूही खरे असतात, पण शेते मात्र ज्याच्या हाती होती त्याच्याच हाती राहतात.

नव्या करारातही हा धागा तुटत नाही. प्रकटीकरणाच्या पुस्तकात आशियातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील, सात मंडळ्यांना पत्रे आहेत. त्यांपैकी इफिस, पर्गम, थुवतीरा, सार्दीस आणि लावदिकीया या पाचांना पश्चात्ताप करण्याची आज्ञा आहे. स्मुर्णा आणि फिलदेल्फिया या दोघींना ती नाही. 'पाहा, मी दाराशी उभा आहे व ठोकत आहे' हे आपल्या अतिशय आवडीचे वचन लावदिकीयाच्या पत्रात आहे, आणि ज्या दारावर प्रभू ठोकत आहे ते मंडळीचे दार आहे. आपण श्रीमंत आहोत, आपल्याला कशाचीही उणीव नाही, असे समजणाऱ्या त्या मंडळीत उपासना बंद पडली होती, असे पत्रात कोठेही म्हटलेले नाही. प्रभू बाहेर आणि आत सर्व काही सुरळीत, ही स्थिती कोणत्याही काळातल्या मंडळीला हादरवून टाकील अशी आहे.

इतिहासात मंडळ्यांनी असा कबुलीजबाब दिल्याची उदाहरणे आहेत. दुसरे महायुद्ध संपल्यावर ऑक्टोबर 1945 मध्ये जर्मनीतील प्रोटेस्टंट मंडळीच्या नेत्यांनी स्टुटगार्ट येथे एक निवेदन दिले. आपण अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, अधिक कळकळीने प्रीती केली नाही, असा दोष त्यांनी स्वतःवर घेतला. सही करणाऱ्यांत मार्टिन निमोलर होते, ज्यांनी स्वतः हिटलरच्या छळछावण्यांत सुमारे सात वर्षे काढली होती. त्यांनीही सही करताना स्वतःला वगळले नाही. तरीही त्या निवेदनात यहुद्यांचा नावानिशी उल्लेख नव्हता, आणि ही उणीव लहान म्हणता येणार नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे नाव घेणे जड जाते. कबुलीची खरी कसोटी बहुतेक वेळा तेथेच लागते. पुढे 1990 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील रुस्टेनबर्ग येथील परिषदेत विली योंकर या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांनी वर्णभेदाबद्दल स्वतःच्या आणि आपल्या डच रिफॉर्म्ड मंडळीच्या अपराधाची कबुली दिली, आणि आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी उठून ती स्वीकारली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 12 मार्च 2000 रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, चर्चच्या सदस्यांनी शतकानुशतके केलेल्या पापांसाठी जाहीरपणे क्षमायाचना केली.

अश्शूरातील निनवे शहराच्या लोकांनी योना संदेष्ट्याचा संदेश ऐकून उपास केला, तेव्हा त्यांच्या राजाने सिंहासनावरून उतरून राखेत बसणे पसंत केले. सिरियाक परंपरेतील मंडळ्या आजही त्या आठवणीने तीन दिवसांचा निनवेचा उपास पाळतात. त्या राजाच्या आज्ञेत एक शब्दयोजना फार नेमकी आहे: प्रत्येकाने आपल्या हातून होणाऱ्या बलात्कारापासून, म्हणजे जुलूमजबरदस्तीपासून, फिरावे. देव फिरेल की नाही याची खात्री त्या राजाला नव्हती. आपल्याला मात्र ख्रिस्तामध्ये ती देण्यात आली आहे. येशूच्या दाखल्यातील उधळ्या पुत्राचा बाप मुलगा दूर असतानाच धावत निघाला; मुलाने पाठ केलेली कबुली पुरी होण्याआधीच अंगरखा आणण्याची आज्ञा झाली. पश्चात्ताप हे क्षमेचे मोल नव्हे. देवाची ममता आपल्याला पश्चात्तापाकडे नेते, असे पौलाने रोमकरांस लिहिले, आणि म्हणूनच मंडळीला आपले दोष झाकण्याची गरज उरत नाही.

तेव्हा माझी पाळकांना, वडील मंडळींना आणि सर्व सभासदांना एक विनंती आहे. पुढील उपासनेत पापांगीकाराची, म्हणजे पापांच्या कबुलीची, प्रार्थना म्हणण्यापूर्वी काही जणांनी एकत्र बसून मंडळीचे जुने ठराव आणि सभासदांच्या याद्या पाहाव्यात. कोणाला आपण दूर लोटले, कोणाची मजुरी किंवा देणे थकवले, कोणत्या तक्रारीवर मंडळीचे नाव खराब होईल म्हणून पडदा टाकला, ते नाव घेऊन लिहावे. जे परत करण्यासारखे आहे ते उपासनेच्या आधी परत करावे. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या घरी दोघा-तिघांनी जावे, स्पष्टीकरणे न देता ऐकून घ्यावे आणि क्षमेसाठी घाई करू नये. अजून क्षमा करण्याची आमची तयारी नाही, असे त्यांनी सांगितले, तर ते उत्तर मंडळीपुढे जसेच्या तसे ठेवावे आणि त्यांची संमती असेल तर पुन्हा भेटायला जाण्याचा दिवस ठरवावा.