आधी चावी काढा

श्रोतेहो, नमस्कार.

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात मी गाड्यांचे डिझेल पंप आणि इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारे भाग, दुरुस्त करायचं काम करतो. सत्तावीस वर्षं झाली. या काळात माझ्याकडे आलेल्या काही गाड्या अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत, कारण त्या वाचवता येण्यासारख्या होत्या. डिझेलच्या गाडीत चुकून पेट्रोल भरलं गेलेल्या गाड्या. त्यांच्याबद्दलच आज बोलणार आहे. ट्रक, टेम्पो, पिकअप चालवणारे जे कोणी ऐकत असतील त्यांनी ऐकावंच, पण त्यांच्या मालकांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावं, अशी माझी विनंती आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. सकाळी साडेसहाला माझ्या दारात एक छोटा ट्रक टोचन करून आणला. नारायणगावहून टोमॅटो भरून मार्केट यार्डाला निघालेला. चाकणच्या अलीकडे एका पंपावर पहाटे इंधन भरलं, आणि मोशीला इंद्रायणीच्या पुलाअलीकडे गाडी बंद पडली. माल रस्त्यावरच दुसऱ्या गाडीत पलटी केला होता. ड्रायव्हर चोवीस-पंचवीस वर्षांचा, बीडकडचा पोरगा. अंगावरचा शर्ट भिजलेला. म्हणाला, "वस्ताद, डिझेलच्या नळीनं हवा धरलीय. दुसरं काय नाय."

मी फिल्टर खोलला. पाना खाली ठेवायच्या आत पेट्रोलचा वास नाकात गेला. दोन थेंब बोटावर घेतले. डिझेल असेल तर बोट तेलकट होतं, फडक्याला पुसलं तरी वास जात नाही. हे बघता बघता उडून गेलं आणि बोट गार पडलं. मग हाय प्रेशर पंपाचा वाल्व काढला आणि आत उरलेलं इंधन पांढऱ्या इनॅमलच्या वाडग्यात ओतलं. वर बॅटरी धरली. तळाशी चांदीची भुकटी फिरत होती, जरीच्या पदरावर उजेड पडावा तशी चमकत. वाडग्याखाली लोहचुंबक नेलं, तशी ती सगळी एका कडेला सरकली. पंपाचं पोलाद होतं ते. झिजून इंधनात आलेलं.

पोरगा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. बराच वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "वस्ताद, नळी लावली तव्हाच वास आलता मला. वीस लिटर पडलं व्हतं तवर."

"मग बोलला का नाहीस?"

"मालक पगारातनं कापतील म्हणून. म्हणलं, वरून डिझेल घालू, चालंल."

श्रोतेहो, वास आला तेव्हाच त्याने चावी काढून घेतली असती, तर टाकी खाली करणं, फिल्टर बदलणं आणि मजुरी मिळून काही हजारांत भागलं असतं. गाडी त्याच दिवशी रस्त्याला लागली असती. पण तो निघाला. हाय प्रेशर पंप, सगळ्या इंजेक्टरना दाबाखालचं डिझेल पुरवणारी जाड नळी म्हणजे रेल, चारही इंजेक्टर बदलावे लागले, टाकीपर्यंतच्या नळ्या धुवाव्या लागल्या. बिल लाखाच्या वर गेलं, आणि गाडी अकरा दिवस माझ्या दारात उभी राहिली.

असं का होतं ते सांगतो. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी देणारा प्लग नसतो. इंजिन हवा दाबतं, सोळा-सतरा पट दाबतं, आणि दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना हातपंपाची नळी खालून गरम लागते ना, तेच, फक्त कितीतरी पटीने. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. पेट्रोल असं पटकन पेटत नाही. त्याचा गुणच उलटा, प्लगची ठिणगी पडेपर्यंत त्याने थांबावं असा. मग डिझेलच्या इंजिनात ते उशिरा आणि एकदम भडकतं. गाडी ठोकायला लागते, ओढ जाते, धूर येतो.

पण इंजिनाच्या ठोकण्याला मी एवढा घाबरत नाही. खरा घात पंपात होतो. पंपाला आणि इंजेक्टरला वेगळं ऑइल नसतं. त्यातून जाणारं डिझेलच त्यांचं वंगण. आजच्या कॉमन रेल गाडीत इंधनाचा दाब सोळाशे ते दोन हजार बारपर्यंत जातो. ट्रकच्या टायरमध्ये आपण जी हवा भरतो, तिच्या दोनशे पट समजा. आतले भाग एकमेकांत इतके घट्ट बसवलेले असतात की मधली फट दोन-चार मायक्रॉनची. केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरली, तर हिशोब तुम्हीच करा. एवढ्या फटीत डिझेलचा पातळ थर असतो म्हणून पोलाद पोलादाला लागत नाही. पेट्रोल तो थर धुऊन टाकतं. मग पोलाद पोलादाला घासतं, चुरा निघतो, तो रेलमध्ये जातो, इंजेक्टरच्या तोंडाशी जातो, आणि जे इंधन वापरलं जात नाही ते परतीच्या नळीने टाकीत येतं, त्याच्यासोबत चुराही टाकीत येतो. म्हणून नुसता पंप बदलून भागत नाही. नव्या पंपाला जुन्या पंपाचा चुरा मारतो.

जुने ड्रायव्हर मला सांगतात, "आम्ही रॉकेल मिसळून गाड्या चालवल्या, काही झालं नाही." ते खोटं बोलत नाहीत. मीही त्या पंपांवरच काम शिकलो. १९८६ साली पिंपरीच्या कारखान्यातून टाटा ४०७ आली, त्या काळातले यांत्रिक पंप दणकट होते, दाब आजच्या मानाने फारच कमी. आम्ही त्यांना मायको पंप म्हणायचो. कंपनीचं नाव २००८ साली बदलून बॉश झालं, तरी आमच्या तोंडून मायको जात नाही. पण तेव्हाची सवय आजच्या गाडीला लावू नका. शिवाय १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस ६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या, डिझेलमध्ये गंधक दहा लाखात दहा भागांपुरतंच ठेवलंय. हवेसाठी ते चांगलंच आहे, पण गंधक काढताना डिझेलचा मूळचा स्निग्धपणाही कमी होतो, आणि तो भरून काढायला कंपन्यांना त्यात वेगळं द्रव्य घालावं लागतं. वंगण आधीच असं मोजून मापून दिलेलं. त्यात पेट्रोल ओतायचं, आणि पुण्यात आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉलही असतं, जे हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यामुळे "थोडंच पडलंय, चालेल" हे कोणी सांगितलं तर ऐकू नका.

चूक होते कशी? एक तर नळीमुळे. पेट्रोलच्या नळीचं तोंड डिझेलच्या तोंडापेक्षा बारीक असतं. नव्या पेट्रोल कारमध्ये डिझेलचं जाड तोंड सहसा शिरत नाही. उलट पेट्रोलची बारीक नळी डिझेलच्या टाकीत बिनबोभाट जाते, आणि ट्रकच्या टाकीचं तोंड तर एवढं रुंद की त्यात काहीही जाईल. दुसरं म्हणजे एकाच मशिनला दोन्ही नळ्या. आणि तिसरं, गाड्यांचा घोटाळा. आपला छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, २००५ साली पुण्यातून बाहेर पडला तेव्हा डिझेलचा होता. आता तसलीच छोटी गाडी पेट्रोलवर मिळते, सीएनजीवर मिळते, विजेवरही मिळते. पहाटे तीन वाजता बारा तासांची पाळी करणारं पंपावरचं पोरगं गाडीच्या तोंडाकडे बघून नळी उचलतं. त्याला मी दोष देत नाही. तुम्ही मात्र केबिनमध्ये बसून "दोन हजारांचं टाक" म्हणू नका. खाली उतरा, "डिझेल" हा शब्द मोठ्याने बोला, मीटरवरचा भाव बघा, आणि बिल घ्या. बिलावर इंधनाचं नाव आणि वेळ असते. पुढे भरपाईचं बोलायची वेळ आली तर तोच कागद कामाला येतो.

एक गोष्ट मनात येते ती सांगतो. मुंबईहून लोणी काळभोरपर्यंत आणि पुढे सोलापूरला पाइपलाइन जाते. त्याच एका नळीतून पेट्रोल, डिझेल एकामागून एक येतात. दोन्हींच्या मध्ये जो थोडा मिसळलेला भाग असतो, तो डेपोतले लोक घनता बघून बरोबर वेगळा काढतात. शंभर-दीडशे किलोमीटर शेजारी शेजारी आलेलं इंधन तिथे इतक्या काळजीने वेगळं ठेवतात, आणि ते एकत्र होतं शेवटच्या चार फुटांत.

बीएस ६ मोठ्या गाड्यांबद्दल थोडं. त्यांना निळ्या झाकणाची दुसरी छोटी टाकी असते, डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची. आपण सगळे त्याला युरियाच म्हणतो. घाईत क्लीनर तो युरिया डिझेलच्या टाकीत ओततो. हे पेट्रोलपेक्षाही वाईट. त्यात दोन तृतीयांश पाणी असतं, ते जड म्हणून तळाशी बसतं, आणि इंजिन इंधन तळाकडूनच ओढतं. सुकलं की मिठासारखे खडे धरतं, पंपाला गंज चढतो. तिथेही नियम तोच, चावी लावायची नाही.

चावीबद्दल नीट सांगतो. बऱ्याच जणांना वाटतं, सेल्फ मारला नाही म्हणजे झालं. काही गाड्यांत टाकीपासून इंधन पुढे ढकलणारा पंप विजेवर चालतो. चावी नुसती ऑनला आली, काट्याकडे बघायला म्हणून जरी फिरवली, तरी तो पंप सुरू होऊन पेट्रोल पुढे पाठवतो. म्हणून चावी काढा आणि खिशात घाला. गाडी न्यूट्रलला घेऊन चार माणसांनी ढकलून पेट्रोल पंपाच्या कडेला लावा.

आणि गाडी चालू केलीच असेल, रस्त्यात ठोकायला लागली असेल, तर "पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ" म्हणू नका. डावीकडे घ्या आणि बंद करा. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार तुम्हाला माहीत आहे. तिथे भरलेल्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर स्टेअरिंग जड होतं, ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, आणि ब्रेक दाबत राहिलात तर हवेच्या टाकीतली हवा संपत जाते. तिथे मग पंपाच्या बिलाचा प्रश्न उरत नाही.

टाकी खाली करताना काळजी घ्या. नुसत्या डिझेलच्या टाकीत पेटण्याइतकी वाफ नसते, म्हणून आपली माणसं डिझेलजवळ बिनधास्त वावरतात. नुसत्या पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की तिला पेटायला हवा कमी पडते. डिझेलमध्ये थोडं पेट्रोल पडलं की वाफ नेमकी या दोन्हींच्या मध्ये येते, म्हणजे पेटायला सगळ्यात सोयीची. टाकी उघड्यावर खाली करायची. जवळ विडी नाही, वेल्डिंग नाही, बल्बची लोंबती वायर नाही. प्लास्टिकच्या कॅनमध्ये जोरात धार सोडायची नाही, स्थिर विजेची ठिणगी पडते. आणि ते मिसळलेलं इंधन गटारात ओतू नका. आपली गटारं पवनेला आणि मुळेला जाऊन मिळतात.

आता त्या ट्रकच्या मालकांकडे येतो. ते माझे जुने गिऱ्हाईक. बिल ऐकून ते पोरावर फार चिडले, आणि पैसे कापायचेच म्हणाले. मी त्यांना आत बोलावलं, वाडगा दाखवला. म्हणालो, "शेठ, ही भुकटी पेट्रोलने झाली, पण पोराने चावी फिरवली ती तुमच्या भीतीने. मागच्या वर्षी आरसा फुटला तेव्हा तुम्ही कुणाचे तरी दोन हजार कापले होते, ते याने ऐकलं होतं." ते बराच वेळ वाडग्याकडे बघत बसले. मी त्यांना जास्त काही बोललो नाही. पोराचे पैसे त्यांनी कापले नाहीत. आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या पाचही गाड्यांच्या केबिनमध्ये, देवाच्या फोटोखाली, एक चिठ्ठी चिकटवलेली मी बघितली. हाताने लिहिलेली. "चुकीचं तेल पडलं तर चावी काढा. आधी मला फोन करा. पैसे कापणार नाही."

यंदा उन्हाळ्यात एका रात्री पावणेतीनला माझा फोन वाजला. त्याच मालकांची दुसरी गाडी, दुसरा ड्रायव्हर. राजगुरुनगरजवळच्या एका पंपावर चौदा लिटर पेट्रोल पडलं होतं. मालकांनीच माझा नंबर दिला होता. मी विचारलं, "चावी कुठंय?"

"खिशात हाय, दादा. गाडी ढकलून कडेला लावलीय. मी हितंच बसलोय गाडीपाशी."

मी लोखंडी ड्रम, दोन फिल्टर आणि माझ्या पोराला घेऊन निघालो. पंपाच्या मॅनेजरने मोकळी जागा दिली, मीटर बंद केले. ड्रेन बोल्ट सोडून टाकी खाली केली, पाच लिटर डिझेलने धुतली, तेही काढलं. जुना फिल्टर कापून आतला कागद उलगडून बघितला. कोरा होता, एक चमकी नव्हती. नवे फिल्टर घातले, डिझेल भरलं, हातपंपाने हवा काढली. सहाला दहा कमी असताना त्या ड्रायव्हरने खिशातून चावी काढून माझ्या हातात दिली. मी ती त्यालाच परत दिली. दुसऱ्या सेल्फला गाडी लागली. कोथिंबिरीच्या जुड्या होत्या मागे, ओल्या गोणपाटाखाली. आठच्या आत मार्केट यार्डाला पोहोचल्याचा त्याने फोन केला.